तुडुमाचे पाणी

२९ सप्टेंबर
प्रिय पत्नी कै. शैलजा नारायण पिदूरकर, नागभीडपलीकडच्या या गावी मी सुखरूप पोहोचलो, हे तुला कळविण्यास आनंद वाटतो. बायनाबाईंच्या घराची पुढची खोली मिळाली आहे. खिडकीतून तलाव दिसतो. कोहळी समाजाच्या लोकांनी दोन-अडीच शतकांपूर्वी तो बांधला, असे सांगतात. पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, मोहाची झाडे आहेत. पाळीच्या पोटातून धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे खाचरांकडे, पाणी नेणाऱ्या दगडी मोरीला येथे तुडूम म्हणतात. मी भात रांधत असता बायनाबाईंनी डोकावून विचारले, "गुरुजी, मीठ पट्टीनं मोजून टाकता का जी?" तू गेल्यापासून वर्षभरात मी प्रथमच हसलो.

३० सप्टेंबर
तुझ्या अस्थी मार्कंड्याला वैनगंगेत विसर्जित करण्याचे मी वर्षभर टाळले. वाहते पाणी तुला दूर नेईल, ही कल्पना मला सहन होत नव्हती. आज सकाळी पायऱ्या उतरून कलश या तलावात रिता केला आणि स्पष्ट शब्दांत तुला म्हणालो की, येथेच थांब, माझ्याजवळ. आता मन स्वस्थ आहे.

४ ऑक्टोबर
पाऊस संपला, धान लोंबीवर आले. आज पाणी सोडायचे होते. हे काम कोलूभाऊंच्या घराण्याकडे आहे. त्यांनी बुडी मारून तुडुमाच्या तोंडाचे लाकडी बूच उपटून आणले. तलाव काठोकाठ भरलेला असूनही बाहेर थेंब आला नाही. मोरीत बांबू घालून पाहिला. तो आरपार गेला.

६ ऑक्टोबर
कोलूभाऊ पुन्हा उतरले आणि लगेच वर आले. "भोकाले बाई टेकून बसली हाये. मायं मनगट चाचपलं न सोडून देल्लं." इतवारी नावाचा शेतकरी पाळीवरून ओरडला, "तुले पाहून नापसंत केलं असन, कोलू!" सगळे हसले. मग इतवारी स्वतः उतरला. वर आल्यावर तो मनगट धोतराने पुसत राहिला, बराच वेळ.

७ ऑक्टोबर
तलावात कोणी काही सोडले काय, असे बायनाबाई घरोघर विचारीत होत्या. मी कबूल केले. त्या ओट्यावर बसल्या.
"तलावात अस्थी कोनी सोडत नाई, गुरुजी. नदीतली जाते पुढं. इथी सोडलेली कुठी जाईन? तुमी तिले का म्हणलं?"
थांब म्हणालो, असे मी सांगितले.
"मंग थांबली ना ती."

८ ऑक्टोबर
पायरीवर उभा राहून जा म्हणालो. तीनदा. पाणी हलले नाही. मनापासून म्हणालो नव्हतो. तुला ते कळले असणार.
बांध्यांत भेगा पडल्या आहेत. तीस घरांचे धान.

९ ऑक्टोबर
भर दुपारी पाण्यात हात घातला. प्रथम काही नाही. नंतर बोटे — गार — घड्याळाचा पट्टा, नाडी, करंगळी, एकेक ओळखीत गेली. सोडले नाही.
पाळीपलीकडून कोलूभाऊंची हाक आली: "सुटलं! पानी सुटलं!"
मी घाबरून हात हिसडून घेतला. पाणी थांबले.
भित्रेपणाबद्दल क्षमा असावी.

१० ऑक्टोबर
कोणी काही मागत नाही. कोलूभाऊ म्हणाले, "दोन दिवस अजून धरन धान." एवढेच. माझ्याकडे न पाहता.
मनगटावर पाच वळ. दुखत नाहीत. ते —

११ ऑक्टोबर
पायरीवर बसून लिहीत आहे. पाय पाण्यात. घोट्याशी बोटे आली आहेत. घाई नाही तुला. मागे मोरी वाहू लागली — ऐकतेस? इतवारी रडतो आहे की हसतो —
वही वरच्या पायरीवर ठेवीन.
खोलीला कुलूप लावले. किल्ल्या बायनाबाईंकडे परत दि—