निळ्या ठिपक्याचं ताट

प्रिय ऋतुजा,

तू पाठवलेली एचआयव्हीची आकृती पाहिली. हात सुबक आहे तुझा. पृष्ठभागावरच्या गाठी, आतली निमुळती पेटी, पेटीतले आरएनएचे दोन धागे, सगळं जागच्या जागी. चूक एकच. वरचं आवरण तू विषाणूचं स्वतःचं म्हणून दाखवलंस. ते त्याचं नसतं, बाई. अंगाची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशीत तो शिरतो, तिथंच वाढतो आणि निघताना तिचंच पांघरूण ओढून बाहेर पडतो. गाठी तेवढ्या त्याच्या. भोकरच्या कॉलेजात बारावीला मी ही आकृती दरवर्षी फळ्यावर काढते. 

चाकूरच्या घरातलं माझं ताट आठवतं? मागे निळ्या ऑइलपेंटचा ठिपका असलेलं, फडताळात एकटंच उभं. लहानपणी तू त्यासाठी रडायचीस, मलापण आत्यासारखं मानाचं ताट पाहिजे म्हणून. वहिनी ते तुझ्या हातातून हिसकावायची, "ठेव ते, आत्याचं हाय" म्हणायची. मी हसायची. त्या हसण्याची आता लाज वाटते. जेवण झालं की मीच ते वेगळ्या घासणीनं घासायची आणि तुझे पप्पा खाली मान घालून भाकरी मोडत बसायचे. विज्ञान शिकवणारी बाई मी, पण माहेर तुटेल म्हणून दहा-बारा दिवाळ्या तोंडातून शब्द काढला नाही.

माझा नवरा काविळीनं गेला असं आपल्या घरात सांगतात. तो कशानं गेला हे तुझ्या पप्पांना ठाऊक आहे. त्याच्या संसारातलं तेच दुखणं तेवढं माझ्याकडे उरलंय. मी रोज गोळी घेते आणि ठणठणीत आहे.

काल वैजनाथदादाचा, तुझ्या पप्पांचा फोन आला. तुझ्या साखरपुड्याला येऊ नको, पाहुण्यांत कुजबुज होईल म्हणाला. बारशाला तुझं नाव माझ्याच तोंडून ठेवून घेतलं होतं त्यानं. तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं ना! मी येणार आहे, ऋतुजा. ते ताट काढून ठेव. सगळ्यांदेखत त्यात वाढून घे आणि माझ्याबरोबर त्याच ताटात जेव. एका ताटात जेवल्यानं काही होत नाही, हे तू मेडिकलच्या परीक्षेत लिहून आलीयस. जमणार नसेल तर आत्ताच कळव, मी एसटीत बसणार नाही. पण मग डॉक्टर झाल्यावर माझ्यासारख्या कुणाची नाडी धरू नकोस.

तुझीच,
रेणुकाआत्या