आंद्रेचं पान

३ नोव्हेंबर
नोकरी लागली! भाजे लेण्यांजवळ डोंगराच्या पोटात माधवरावांनी फेसाळ वाईनचं तळघर खोदलंय. पाहुण्यांना ते हिंडून दाखवायचं, हे माझं काम. युरोपातली तळघरं पाहिलीत का, असं त्यांनी मुलाखतीत विचारलं आणि मी बेधडक हो म्हणाले. मी तळेगावची; आमची परदेशवारी लोणावळ्याच्या चिक्कीपाशी संपते. आत फळ्यांच्या भोकांत बाटल्या उलट्या खोचून ठेवलेल्या. गाळ तोंडाशी यावा म्हणून इथे कामाला असलेल्या मुक्तामावशी रोज प्रत्येक बाटली हाताने जराशी फिरवतात. जागा गार, छान आहे.

९ नोव्हेंबर
जिभेला हाड नाही माझ्या. शेवटच्या बोळात एक मोडकी खुर्ची आहे. पाहुण्यांना सांगितलं, फ्रान्समध्ये बाटल्या फुटून मेलेल्या कामगारासाठी अशीच रिकामी खुर्ची ठेवतात. नावही ठोकून दिलं, आंद्रे. सगळ्यांनी खुर्चीचे फोटो काढले, मला फार बरं वाटलं. मागून मावशींनी विचारलं, "तितं कुणी पान वाढतं का त्याला?" मी नाही म्हणाले.

१० नोव्हेंबर
खुर्चीपुढे पत्रावळ. इंद्रायणीचा भात, पिठलं. मेलेल्याचं नाव घेऊन त्याला उपाशी ठेवायचं, हे मावशींच्यात चालत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगणार, तेवढ्यात माधवराव आले आणि माझं कौतुक करू लागले. मी हसून आभार मानले.

१४ नोव्हेंबर
पान रोज रिकामं होतं. उंदीर असतील. पण त्या बोळातल्या बाटल्या मावशी येण्याआधीच फिरवलेल्या असतात. मावशी खूश. "लय गुणाचा हाय बिचारा." त्यांच्या नजरेला नजर देताना लाज वाटते.

१७ नोव्हेंबर
सहज म्हणून विचारलं, असा माणूस कधी नव्हताच, तर पान कोण खाणार? मावशी हसल्या नाहीत. "मंग ज्याचं कुणीच न्हाई ते येऊन बसतं. अन् उठत न्हाई."
तेव्हाच सांगायचं होतं. नाही सांगितलं. थू माझ्यावर.

१८ नोव्हेंबर
मावशींच्या मनगटावर बोटांचे वळ. म्हणतात, पान ठेवताना हात धरला त्यानं—

१९ नोव्हेंबर
मावशी सकाळी पान घेऊन आत गेल्या. दुपार झाली. चपला अजून दारात—
मीच जाते. सांगते, आंद्रे नव्हताच, मी खोटारडी.

बोळात आहे. खुर्चीत मावशी. डोळे उघडे. छाती हलतेय. सगळं सांगितलं— रडले—
त्यांचं तोंड उघडलं. आवाज त्यांचा नाही.
विचारतंय, उद्या पान कुणाच्या नावाने.
पुन्हा विचारतंय. मावशींचं घेतलं तर मावशी— नाही. चूक माझी. मी माझंच नाव सांगते, अपू—