तुझ्या गाण्यात माझं मशीन

प्रिय चिमणे,

साठी ओलांडलीस तरी मी तुला चिमणीच म्हणणार, वहिनीचा तेवढा हक्क आहे. अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस. माझी चार इयत्तांची पुंजी, त्यात चष्म्यावर नात बसली, म्हणून ओळी उताराला लागल्यात. पण हे मी कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. का ते पुढे कळेल.

बातमी अशी की आपण दोघी एका तबकडीत सापडलो! नातीला जुन्या रेकॉर्डींचं वेड लागलंय. दर रविवारी दुपारी ती एका दुकानात जाते. दुकानदाराला सगळे दाढीच म्हणतात, आणि दाढीच आहे ती. माणूस मागं कुठंतरी असेल. हे दोघं मिळून विसरलेल्या बायकांची नाचाची गाणी शोधतात. एकच गाणं गाऊन नाहीशा झालेल्या पोरी गं. कुणाचं तर मूळ गाणंही नाही, नुसतं रिमिक्स उरलंय. त्यावर ठोके घालणाऱ्या बुवाचं नाव ठसठशीत, बाईचं मुंगीएवढं, नाहीतर नाहीच. मी म्हटलं, लग्नपत्रिकेत बँडवाल्याचं नाव मोठं आणि नवरी गायब, हा कुठला न्याय?

मागच्या महिन्यात गुडघ्याच्या डॉक्टरकडून येताना नात मलाही तिथं घेऊन गेली. स्टुलावर बसून मी पाय चोळत होते. दाढीनं एक तबकडी लावली आणि माझा पाय आपोआप हलायला लागला. खट खट खट खट, खटाक! चिमणे, तुझ्याआधी मी मशीन ओळखलं, राग मानू नकोस. दर बारा टाक्यांनी उचकी देणारं मशीन या जगात एकच, आणि मालकानं मोडीत काढल्यावर मीच ते घरी आणलं. मग तो तुझा श्वास ऐकू आला, सूर लावायच्या आधी घेतेस तो, विहिरीत उडी मारायच्या आधी घ्यावा तसा. माझ्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी. नात घाबरली, म्हणाली, आजी, गुडघा का? मी म्हटलं, गुडघा गेला खड्ड्यात, आवाज वाढव!

आठवते ना शिवणखोलीमागची ती रेकॉर्डिंगची खोली? मध्ये प्लायवूडची भिंत, पलीकडे कानांवर वाट्या लावून तू, अलीकडे कॉलरींचा ढीग उपसत मी. तो रेकॉर्डिंगवाला सारखा येऊन ओरडायचा, बाई, मशीन थांबवा! मी म्हणायचे, मग कॉलर काय तुझा बाप लावणार? शेवटी दमून त्यानं आवाज तसाच राहू दिला. आणि पुढे रिमिक्सवाल्यानं माझी खटाक उचलून मधे दोन मिनिटं नुसती घोळवलीय. लोक त्यावर नाचले म्हणे! मला तरी काय ठाऊक, आपल्या घरात त्या गाण्याचं नाव काढायची सोय नव्हती. आधी कळलं असतं तर जरा ठेक्यात शिवलं असतं.

दाढीला पटेना. आजी, हे ड्रम आहेत, म्हणाला. मला शिकवतो! दुसऱ्या दिवशी मशीनचं डोकं टेबलावरून सोडवलं, पिशवीत घातलं, एक बंद नातीनं धरला, एक मी, आणि गुडघ्याला सांगितलं, तू नंतर रड. दुकानात तबकडीशेजारी ठेवून हातानं चाक फिरवलं. बाराव्या टाक्याला दोन्हीकडून एकदम खटाक. दाढीनं गुपचूप स्वतःची खुर्ची मला दिली.

आता तो आणि त्याचे मित्र ती तबकडी नव्यानं काढतायत. वर ‘गायिका अज्ञात’ छापणार होते. अज्ञात? तिच्या वेणीला किती पेड पडायचे तेही मला ठाऊक आहे, मी म्हटलं. मग सांगा नाव, म्हणत त्यानं पेन काढलं, आणि मी म्हटलं, थांब, आधी तिला विचारू दे.

कारण चिमणे, तेव्हाही एक माणूस असाच कागद घेऊन माझ्या मशीनपाशी आला होता. तू डबा धुवायला गेली होतीस. गायिकेचं नाव काय घालू, त्यानं विचारलं. तुझं लग्न ठरत होतं, नाचाच्या गाण्यावर नाव दिसलं तर मोडेल अशी मला धास्ती. घालू नका, मी म्हटलं, घरच्यांना नकोय. घरचे म्हणजे मी एकटी. तबकडीवर नाव नाही बघून तू धरून चाललीस की दादानं केलं. त्याला नको नको ते बोललीस, घर सोडलंस, गाणंही सोडलंस. तो सांगत राहिला, मी नाही गं, आणि मी खाली मान घालून कॉलरी शिवत राहिले. आज सकाळी त्याला खरं सांगितलं. त्यानं निवलेला चहा सायीसकट पिऊन टाकला. मग म्हणाला, तिला लिही, आणि काही खोडू नकोस. म्हणून लिहिलं. सोबत कोरं कार्ड आणि तिकीट लावलेलं पाकीट आहे. छपाई पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला. तुझं नाव तुझ्या हातानं लिही, हवं तेवढं मोठं. नको असेल तर नको म्हणून लिही, पण या वेळी सांगायचं तू. मशीनसाठी ते माझंही नाव घालणार म्हणतात. तुझं आल्याशिवाय मी माझं घालू देणार नाही, बजावून आलेय. आणि दादावरचा सगळा राग आता इकडे पाठव, मी घट्ट आहे. पत्र टाकायला तोच निघालाय. चपला घालून दारात उभा आहे, झालं का गं, तिसऱ्यांदा विचारतोय.

तुझीच,
मशीनवाली वहिनी