लाल बाटलीचे बोल्ट

२ जून
नोकरी लागली आणि खोलीही मिळाली! जुनी इंजिनं उघडून नव्यासारखी बांधून देणारं गॅरेज. खाली काम, वर मी. मालकांना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, आल्याआल्या चहा पुढे केला. खोलीला लोखंडी दार, एक खिडकी, समोर गोदामाची कोरी भिंत. लवकरच बायकोला आणि लेकीला, छकुलीला, आणायचं. लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःचं बिऱ्हाड! स्वारी भलतीच खूश आहे.

५ जून
आज उस्तादांनी माझा हात पाहिला. डिझेल इंजिनाचं हेड बसवायला दिलं. मी मधल्या बोल्टपासून सुरुवात केली आणि समोरासमोरचे घेत बाहेर गेलो, एकदम न आवळता टप्प्याटप्प्यानं. टॉर्क पाना ‘कट्’ म्हणाला की थांबायचं. त्यापुढे जोर दाखवतो तो पैलवान, मिस्त्री नव्हे. फ्लायव्हीलचे बोल्ट सुटू नयेत म्हणून त्यांना लाल बाटलीतलं चिकट लिक्विड लावलं. आधी आटे धुऊन कोरडे केले, कारण तेलकट आट्यांवर ते धरत नाही. निळ्या बाटलीतलं नुसत्या पान्यानं सुटतं. लाल मात्र चांगलं तापवल्याशिवाय दाद देत नाही.
उस्ताद बोल्टवरून बोट फिरवत राहिले. म्हणाले, बोल्ट राहतात रे, माणसं सुटून जातात. आधीचे मिस्त्री टिकले नाहीत, हे त्यांच्या मनाला फार लागलंय. मला वाईट वाटलं.

९ जून
गोदामाची धूळ थेट खोलीत येते. छकुलीची छाती नाजूक; जरा काही नाकात गेलं की तिला धाप लागते. उस्तादांना सांगितलं तर त्यांनी खिडकीवर बसवायला जाड पत्राच काढून दिला. हवेसाठी वर पंखा बसवू म्हणाले. बोल्ट मीच आतून आवळले. त्यांनी लाल बाटली पुढे केली. खिडकीला कशाला, म्हणून मी हसलो, पण लावलं. काम असं झालंय की दृष्ट लागावी.

१३ जून
पंख्याचं नाव नाही. खोलीत जीव गुदमरतो, अशात लेकीला कुठे आणू? उस्तादांना सांगून टाकलं, महिनाअखेरीस निघतो म्हणून. वहिनींनी आग्रह करकरून वाढलं आणि पदरानं डोळे पुसले.

१४ जून
सकाळी दार उघडेना. बाहेरून आडवी पट्टी आवळली आहे. मोबाईल खाली चार्जिंगला राहिलाय. ओरडून ओरडून घसा बसला, पण खाली कॉम्प्रेसरचा आवाज, कोण ऐकणार? दुपारी दाराखालच्या फटीतून ताट सरकलं. पलीकडून उस्ताद मायेनं म्हणाले, रागावू नकोस, तुझ्यासारखा हात पुन्हा मिळायचा नाही. ताटापाठोपाठ घासायला व्हॉल्व्ह आले.

१५ जून
खिशात एक पाना राहिला होता. पत्र्याचे बोल्ट तसूभर हलत नाहीत. माझंच काम! मघाशी गादीतला थोडा कापूस काढून एका बोल्टखाली पेटवला. धूर कोंडला, खोकून खोकून डोळ्यांपुढे अंधारी आली— पण बोल्ट कुरकुरला. सुटला! बाकीचेही सुटतील. उद्या सगळी गादी पेटवतो. मी एकटाच आहे, धूर सोसेन.

१६ जून, सकाळ
उस्ताद दाराशी आले. धुराचा वास लागला म्हणे. रागावले नाहीत. त्यांनी माझ्या मोबाईलवरून परवाच घरी निरोप धाडलाय— खोली लागली, दोघी या. येतच असतील. लेकरू जवळ असलं की माणूस जाळपोळ करत नाही, म्हणाले.
नाही. त्या यायच्या आत— आत्ताच पेटवतो. काड्या कुठे—
जिन्यावर पावलं. एक लहान—

१६ जून, दुपार
दार उघडलं तसा मी धावलो. उस्तादांच्या कडेवर छकुली. त्यांनी ती माझ्या हातात दिली, बायकोला आत सोडलं, आणि दार—
कट्. कट्. बायकोनं विचारलं, दुरुस्ती चाललीय का. मी हो म्हटलं.

काडेपेटी खिशात आहे. गादीवर छकुली. कालचा धूर अजून— तिला धाप लागलीय.

बायको पत्र्याशी. दोन्ही हातांनी ढकलतेय. म्हणते, पोरीला हवा हवी, उघडा की हो. विचारतेय, हे इतकं घट्ट कोणी—