मुलाबीची गाडी अडली आहे

प्रिय डेमियन,

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर इमॅक्युलाटा आम्हाला पत्रलेखन शिकवायच्या. आधी हवामान, मग तब्येत, मग घरच्या बातम्या, आणि काही मागायचं असेल तर ते अगदी शेवटी, थोडक्यात. इतकी वर्षं झाली, पण मला अजून दुसऱ्या तऱ्हेने पत्र लिहिता येत नाही. तेव्हा आधी हवामान. ऐन उन्हाळा, फेब्रुवारी अर्धा सरला आणि आपल्या मुलाबीत पावसाचा थेंब नाही. सकाळच्या चहालाच पत्रा तापलेला असतो. गलाह पाखरं तारेवर चोची उघड्या टाकून बसतात, ओरडायचंसुद्धा त्यांच्या जिवावर येतं. परवा उत्तरेकडून लाल धूळ आली ती दोन दिवस हलली नाही. अजून पाव कापला की सुरीखाली कचकच लागते. तुमच्या होबार्टला म्हणे याच दिवसांत लोक संध्याकाळी स्वेटर घालतात. मी विणलेलं हिरवं स्वेटर अजून आहे का, असं विचारणार होते. मग लक्षात आलं, ते शाळकरी पोराच्या मापाचं होतं.

माझी तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण चर्चमध्ये टेकवण्यापुरता वाकतो. तुझ्या बाबांबद्दल नाताळच्या कार्डावर मी 'थोडं विसरतात' एवढंच लिहिलं होतं. कार्डावर जागाच तेवढी असते. खरं म्हणजे ते बरंच विसरतात. रूळ उखडून नेले हे विसरतात. रेल्वेतून निवृत्त झालो हे विसरतात. मागच्या आठवड्यात मला म्हणाले, "बाई, तुम्ही चहा छान करता, तुमचे मिस्टर नशीबवान आहेत." मी म्हटलं, "त्यांना सांगा एकदा." तर म्हणाले, "भेटले की सांगतो."

हे पत्र मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिते आहे. पडदे ओढलेले आहेत, बाबा आतल्या खोलीत पंख्याखाली झोपलेत आणि दोन्ही दारांच्या किल्ल्या माझ्या एप्रनच्या खिशात आहेत. या घराला दिवसा कुलूप लागलेलं तू कधी पाहिलं नसशील. ते का लागलं, ते सांगायचं तर आधी त्या गेमबद्दल सांगायला हवं.

हसू नकोस. होय, गेम, कॉम्प्युटरवरची. तू जाऊन बरीच वर्षं झाली होती. लाइन बंद पडली, रूळ ट्रकांत भरून गेले, आणि बाबा दिवसभर व्हरांड्यात बसून नुसत्या खडीकडे पाहत राहायचे. मग एकदा ॲडलेडला गेलो तेव्हा दुकानातून त्यांनी आगगाडी चालवायची गेम घेतली. सीलबंद खोक्यातली, पावतीसकट. आत जाडजूड पुस्तक होतं, ते त्यांनी रेल्वेची नियमावली वाचावी तसं पेन्सिल घेऊन वाचलं. त्या गेममध्ये आपली स्वतःची लाइन बांधता येते, हे कळल्यावर या माणसाला दुसरं काही सुचेना. डेमियन, त्यांनी आपली सगळी जुनी लाइन बांधली रे! पोर्ट ऑगस्टापासून मुलाबीपर्यंत. प्रत्येक वळण, प्रत्येक सांधा, गँगमनच्या झोपड्या, पाण्याची टाकी. गँगमनच्या म्हाताऱ्या विधवांना फोन करकरून विचारायचे, "एडना, तुमचं धुराडं डाव्या अंगाला होतं की उजव्या?" एडना विचारायची, "का रे बाबा, विकत घेतोस का?"

तेव्हापासून रोज सकाळी ओट्सची लापशी खाल्ली की टोपी डोक्यावर आणि बाबा कॉम्प्युटरसमोर. पोर्ट ऑगस्टाहून मालगाडी काढायची. मुलाबीला ती थोडा वेळ थांबते, तेवढ्यात मी चहा नेऊन ठेवायचा. चहाला उशीर झाला तर आहेच, "फिल, तुझ्यामुळे गाडी लेट. मी वर काय कळवू?" मी म्हणायची, "कळव, दूध उतू गेलं." पुढे विसरणं सुरू झालं, तरी गाडीवर बसले की सगळं जागेवर यायचं. कुठे शिटी द्यायची, कुठल्या उतारावर ब्रेक धरायचा, कोण कुठल्या स्टेशनावर होता, त्याच्या बायकोचं नाव काय. डॉक्टरीणबाई स्वतः येऊन पाहून गेल्या. म्हणाल्या, "मिसेस टूही, ही गाडी थांबू देऊ नका."

गाडी थांबली. जानेवारीत.

कशी, ते तुला माझ्यापेक्षा लवकर समजेल. ती गेम दर वेळी सुरू होताना कंपनीला विचारते, हा कॉम्प्युटर ओळखीचा आहे का? धुळीच्या वादळात छपरावरची इंटरनेटची डिश बंद पडली की उत्तर येत नाही आणि गाडी निघत नाही. त्याचं बाबांना काही वाटायचं नाही. "सिग्नल लाल आहे, थांबू," म्हणायचे आणि टोपी मांडीवर घेऊन बसायचे. पण खरी मेख वेगळीच होती. एका खोक्यावर पाच कॉम्प्युटरांची परवानगी, बस्स. आपल्याकडे कॉम्प्युटर तो एकच. पण बाबा इंजिन ड्रायव्हर. दर धुळीच्या वादळानंतर इंजिन उघडायचं, पुसायचं, झिजलेला भाग बदलायचा, ही त्यांची सवय. धूळ खाऊन कॉम्प्युटरचा एखादा भाग गेला की पोर्ट ऑगस्टाच्या कॉम्प्युटरवाल्या कॉन व्लाहोसकडून नवा आणून बसवायचे. आणि दर वेळी कंपनीला वाटायचं, हा दुसराच कॉम्प्युटर. उघडण्याआधी परवानगी परत करायची असते म्हणे. तसं त्या जाड पुस्तकात नाही, खोक्याच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत आहे. जन्मात ज्याने लाल सिग्नल ओलांडला नाही, तो माणूस नीट निगा राखता राखता पाचही परवानग्या खर्च करून बसला.

मी कंपनीला फोन केला. पाऊण तास बाजा ऐकला. मग एक मुलगी बोलली, गोड होती बिचारी. "मॅडम, आमच्याकडे पाच वेगवेगळी मशीन दिसताहेत." मी म्हटलं, "बाळा, मशीन एकच आहे, माझ्या डोळ्यांसमोर आहे, वर मांजर बसलंय." ती म्हणाली, "सहावी परवानगी द्यायचा अधिकार कोणालाच नाही. तुम्ही नवीन प्रत विकत घ्या." कुठे मिळेल विचारलं, तर शोधून म्हणाली, "ती आता विकत नाहीत." मी विचारलं, "मग मी काय करू?" ती म्हणाली, "तुमचा दिवस छान जावो."

मग कॉन आला, स्वतःची मोटार घेऊन. सगळं उचकून पाहिलं. म्हणाला, "मिसेस टूही, रागावू नका, पण तुमच्या मिस्टरांनी थोडी चोरी केली असती तर ही वेळ आली नसती. माझा भाचा हीच गेम फुकट उतरवून खेळतो, कुलूप काढलेली. ना परवानगी, ना डिश. मस्त पळते. ज्यांनी पैसे मोजले त्यांच्याच पायात बेडी." त्याने भाच्याची ती प्रत आणून लावूनही पाहिली. गेम उघडली! मी खुर्चीमागे उभी राहून क्रुसाची खूण केली. पण पडद्यावर आले बर्फाचे डोंगर आणि देवदार. बाबांनी बांधलेली लाइन त्यांच्या त्या जुन्या परवानगीच्या आत बंद आहे, ती या प्रतीला उघडत नाही. बाबा पाहत राहिले. मग हात मागे घेतले आणि म्हणाले, "ही लाइन मी शिकलेलो नाही." तुला आठवत असेल, रस्ता शिकल्याशिवाय ड्रायव्हरने त्या रस्त्यावर गाडी न्यायची नाही. कितीही मोठा साहेब सांगो, न्यायची नाही. कॉन म्हणाला, "अहो, गेम आहे ही." बाबा म्हणाले, "पोरा, मागे डबे आहेत, डब्यांत माणसं असतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. आत आले तर टोपी खुंटीवर नाही, जेवणाचा डबा नाही, बाबा नाहीत. आपली लाइन शोधायला निघाले होते. मी मोटार काढली आणि जुन्या रुळांच्या बांधाच्या कडेकडेने नेली, खिडकी उघडी टाकून हाका मारत. झुडपांखेरीज काही नाही, नुसती थरथरणारी हवा. ते सापडले पडक्या टाकीच्या पायथ्याशी. ओठ फुटलेले. म्हणाले, "इंजिनाला पाणी घ्यायला थांबलोय, पण पाणी कुठंय?" त्यानंतर आणखी दोनदा गेले. शेवटच्या वेळी एका ट्रकवाल्याने आणून सोडलं. तो म्हणाला, "बाई, अजून थोडा वेळ गेला असता तर यांना घरी न आणता मी पोलिसांना फोन केला असता." डॉक्टरीणबाई मार्चच्या पहिल्या सोमवारी येणार आहेत. त्या कठोर नाहीत, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं. असंच चालू राहिलं तर शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवावं लागेल, दाराला नंबरांचं कुलूप असलेल्या. तिथे गेलेली माणसं मी पाहिली आहेत. एडना तिथेच आहे. आता ती फोन कानाला उलटा लावते.

थांब. आत काहीतरी वाजलं.

आले पाहून. कूस बदलली फक्त. पण टोपी उशाशी घेऊन झोपलेत, याचा अर्थ उठले की निघायचा विचार आहे.

त्या दुपारबद्दल मी तुला कधी लिहिलं नाही आणि तूही नाहीस. कॉपी केलेल्या तुझ्या सगळ्या सीडी बाबांनी परसातल्या पिपात टाकल्या आणि रॉकेल ओतून पेटवल्या. अर्ध्या शाळेला तू गेम वाटायचास, कुलपं फोडून. बाबा म्हणाले, "माझ्या छपराखाली चोर राहणार नाही." तू म्हणालास, "मी चोर नाही, कुलूपवाला आहे." आणि गुरुवारच्या बसने गेलास. तो काळा धूर माझ्या वाळत घातलेल्या चादरींना लागला होता, धुऊन गेला नाही.

काल सकाळी बाबांची घटका बरी होती. मला नावाने हाक मारली. मी धीर करून सांगितलं, "क्लॅरी, ते कुलूप डेमियनला काढता येईल." मला वाटलं, उसळतील. बराच वेळ चमच्याने लापशी ढवळत राहिले. मग म्हणाले, "जमेल त्याला. शाळेत असल्यापासून जमतं. डोकं आहे पोराला." जरा वेळाने म्हणाले, "पण तो रागावलाय ना?" मी उत्तर द्यायच्या आत ते उठून डबा शोधायला लागले होते.

आणखी एकच सांगते. त्यांच्या त्या लाइनवर गाडी मुलाबीत शिरते तेव्हा डाव्या हाताला आपलं परसदार दिसतं. चहा नेला की मी ते रोज पाहायची. कपड्यांची दोरी आहे, मिरीचं झाड आहे, कोंबड्यांचं खुराडं, तुझ्या सायकलीचं मोडकं चाकसुद्धा आहे कुंपणाला टेकवलेलं. फक्त ते पीप नाही. ज्या माणसाने परक्यांच्या धुराड्यांच्या बाजू विचारून घेतल्या, तो स्वतःच्या परसातलं विसरेल? मी एकदा म्हटलंही, "क्लॅरी, पीप राहून गेलं बघ." पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "राहून गेलं नाही. मीच ठेवलं नाही." आणि शिटी दिली.

आता मागायचं ते, थोडक्यात. तू ये. डॉक्टरीणबाईंच्या सोमवारच्या आत ये. तुझी काय हत्यारं असतील ती घेऊन ये आणि ते कुलूप फोड. ज्या कामापायी तुला या घरातून जावं लागलं, त्याच कामासाठी मी तुला बोलावते आहे, हे मला कळतं. रागावलेला असलास तर रागावलेलाच ये. पुढचं दार बंद असेल, पण एक किल्ली परसातल्या पाण्याच्या टाकीखाली, सैल विटेमागे ठेवते आहे. दार वाजवू नकोस. दार वाजलं की त्यांना वाटतं ड्युटीचं बोलावणं आलं, आणि ते उठून टोपी घालतात. तू आपला सरळ आत ये.

तुझीच,
आई