फिकट कडं

१२ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. चित्त थाऱ्यावर नाही. यानाकडून येणाऱ्या सूर्याच्या फोटोंतले उद्रेक ओळखायला मी तीन वर्षं संगणकाचं मॉडेल शिकवतेय, हे तुम्हाला माहीतच आहे. परवा एक उद्रेक सरळ आपल्याच दिशेने निघाला आणि माझं शहाणं लेकरू म्हणालं, काही नाही. नशिबाने तो सौम्य होता, उपग्रह बचावले. बाजूला जाणारे उद्रेक ठळक दिसतात, ते त्याला पाठ आहेत. हा म्हणजे सूर्याभोवती नुसतं फिकट कडं.

आमच्या बाईंनी महिन्याची मुदत दिलीय, नाहीतर प्रकल्प बंद. आईला सांगू नका, ती लगेच गाडीत बसेल.

मॉडेल चुकलं तरी माझ्यावर लोभ असू द्या.

आपली,
ठकू

१९ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र आईनेच आधी फोडलं, तेव्हा गुपित संपलं. ती गाडीत बसणार होती, मीच थोपवून धरलीय.

सूर्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण एक्स-रेच्या खोलीत तीस वर्षं काढली आहेत. नवा होतो तेव्हा फिल्म धुरकट आली की बिघडली समजून टोपलीत टाकायचो. एकदा एका मुलीची टाकली, दुसरी काढली, तर तीही तशीच. पहिली टोपलीतून काढून दोन्ही उजेडावर धरल्या. धुरकटपणा त्याच जागी होता. फिल्म चांगली होती, आजारच तसा दिसत होता. धावत डॉक्टरांकडे गेलो.

मॉडेलला शिकवताना तू टोपलीत काय टाकलंस, ते आधी बघ. आणि जेवत जा.

तुझे,
बाबा

६ एप्रिल

ती. बाबांस सा. न. वि. वि.

टोपली सापडली. पहिल्याच वर्षी मी स्वतः 'खराब' म्हणून चारशे फोटो काढून टाकले होते. त्यांतले एकतीस अगदी चांगले निघाले, सगळी फिकट कडी. मी दाखवलंच नाही, तर ते बिचारं ओळखणार कसं? लाज वाटली, मग कामाला लागले. काल नवं कडं उमटलं आणि मॉडेलने ते बरोबर पकडलं. उपग्रहवाल्यांना दोन दिवस आधी कळवता आलं. बाई हसल्या नाहीत, पण प्रकल्प चालू ठेवलाय.

एक राहिलंच. ती मुलगी बरी झाली का?

आपली,
ठकू

१४ एप्रिल

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

झाली की. अगदी ठणठणीत आहे, आणि तुझं हेही पत्र तिनेच आधी फोडलं.

आम्हां दोघांचा लोभ आहेच.

तुझे,
बाबा