हॉल रिकामा होता

प्रिय बाबा,

आधी एक विनंती. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराशेजारी मी उभी असलेला तो फोटो आता आणखी कुणाला पाठवू नका. तुमच्या निवृत्त प्राध्यापकांच्या ग्रुपवर गेला, शशिकांतकाकांनी पेढे वाटले, एवढं पुरे झालं. आणि माझ्या मेलची तुम्ही चौकातल्या दुकानातून प्रिंट काढून आणता, तसं या वेळी करू नका. फोनवरच वाचा, डोळ्यांना थोडा त्रास झाला तरी.

इकडे तसं ठीक आहे. सारंगच्या प्लांटमध्ये ऑडिट चालू आहे, त्यामुळे तो घरातही दबक्या आवाजात बोलतो. तन्वीला मराठीत काहीही विचारलं तरी उत्तर इथल्या इंग्रजीत येतं, आणि कपाटाला ती आता 'प्रेस' म्हणते. मी बरी नाही, पण ताप वगैरे काही नाही.

फोटोतला तो माणूस आमच्या विद्यापीठाचा माजी विद्यार्थी. तो निवडणुकीला उभा राहतोय म्हटल्यावर विद्यापीठाच्या हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम ठरला आणि आमच्या ऑफिसात लगीनघाई सुरू झाली. त्याचे जुने फोटो शोधले, तो ज्या बाकावर बसायचा म्हणतात तो बाकसुद्धा घासूनपुसून ठेवला. नियम मात्र असा, की निवडणुकीच्या काळात मागेल त्या इच्छुकाला हॉल द्यायचा, नाहीतर कुणालाच द्यायचा नाही. कार्यक्रमांचं सगळं माझ्याकडे, म्हणजे हा नियम पाळणंही माझ्याकडेच.

त्याच आठवड्यात याच निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्या एका बाईंचा मेल आला. निवृत्त नर्स, पाठीशी पक्ष नाही, पैसा नाही. खासदारांचा पाठिंबा नसेल तर इथे चार कौंटी कौन्सिलांनी, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदांसारख्या संस्थांनी, नाव सुचवावं लागतं, तरच ते मतपत्रिकेवर येतं. त्यांना तीन कौन्सिलांचा पाठिंबा मिळाला होता. चौथ्या कौन्सिलचे सदस्य त्यांचं म्हणणं ऐकायला तयार होते, फक्त जागा हवी होती. हॉल रिकामा होता, बाबा. मी रेवतीला सांगितलं, जागा नाही म्हणून कळव. रेवती आपल्या नागपूरचीच, माझ्या हाताखाली कंत्राटावर आहे. ती म्हणाली, "पण ताई, सिस्टिममध्ये तर रिकामा दिसतोय." मी म्हटलं, "दिसू दे."

वरून दबाव होता का, असं तुम्ही विचाराल. नव्हता. माझी बॉस नीव्ह एवढंच म्हणाली होती, की आपल्या माणसाचं सगळं ग्रँड व्हायला हवं. बाकीचं मी माझ्या मनाने ओळखलं. समोरच्याच्या मनातलं मला न सांगता कळतं म्हणून आई माझं किती कौतुक करायची! आणि तुम्हाला टोमणा मारायची, की संस्थाचालकांनी तोंडाने सांगितलं तरी यांच्या डोक्यात शिरत नाही. आमदाराच्या विरोधकाला कॉलेजचं सभागृह देऊ नका, असं ते सांगत होते आणि तुम्ही देऊन बसलात. प्राचार्यपद गेलं. मलाही तेव्हा वाटलं होतं, बाबांना व्यवहार कळत नाही. मला तो कळला, आणि आता तोंड कुठे लपवू असं झालंय.

त्या बाईंनी शेवटी एका पबच्या मागच्या खोलीत सभा घेतली. निम्मे सदस्य आलेच नाहीत. चौथी कौन्सिल मिळाली नाही, मतपत्रिकेवर नाव आलं नाही. हॉल दिला असता तरी कदाचित आलं नसतं. ही पळवाट मी रोज वापरून बघते, पण सुटका होत नाही. त्यांचं उत्तर मात्र आलं होतं, काही हरकत नाही, उत्तर लगेच दिल्याबद्दल आभार. आणि आमच्या हॉलमधल्या त्या देखण्या कार्यक्रमानंतर मी उमेदवाराशेजारी उभी राहून हसले. ते हसू मोठं करून पाहिलं म्हणालात ना, तेव्हा फोन ठेवून मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आता विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने प्रश्न विचारलाय, की हॉल रिकामा असताना नकार का दिला. विद्यापीठाने उत्तर दिलं, एका नवख्या कर्मचाऱ्याची चूक झाली. नकाराचा मेल रेवतीच्या नावाने गेला होता. तिचं कंत्राट या महिन्यात वाढायचं होतं, ते आता थांबवलंय, आणि तिचा इथे राहण्याचा परवाना त्यावरच आहे. काल ती माझ्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "ताई, काळजी करू नका, मी तुमचं नाव घेणार नाही." मी तिला तसं कधीच सांगितलं नव्हतं. माझ्या मनातलं तिने आपणहून ओळखलं. आणि बाबा, एक क्षणभर मला हायसं वाटलं.

उद्या सकाळी मी नीव्हला सगळं सांगणार आहे. तसं सोमवारीही ठरवलं होतं आणि परवाही. दोन्ही वेळा तिच्या दारापर्यंत गेले आणि तिला कॉफी हवी का विचारून परत आले. म्हणून तुम्हाला लिहितेय. उद्या संध्याकाळी मला फोन करा. तब्येत, हवा, तन्वीची शाळा, सगळं नंतर. आधी विचारा, "सांगितलंस का?" मला अख्ख्या जगाशी खोटं बोलता येतं, हे आता सिद्ध झालंय. तुमच्याशी अजून जमलेलं नाही.

उद्यापासून तरी तुमचीच म्हणवून घेता यावं अशी,
गिरिजा